माझ्या आईचं पान

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बहिणीला माहीत नाही, खोलीतल्या पोरांना नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित — बघू.

मी हिंगोलीकडचा. बाप गेला तेव्हा सातवीतून शाळा सुटली. फिरत फिरत भिवंडीला आलो, राहनाळच्या गोडाऊनमध्ये खोकी चढवायला लागलो. काम वाईट नव्हतं. पण एका उन्हाळ्यात ताप काही उतरेना, श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरायची. सोबतच्या पोरांनी मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सनं ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात. छातीत पाणी झालं होतं. टीबीचं.

आधी हे सांगतो, की त्या लोकांनी मला वाचवलं. पाणी काढलं, एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, दोन वेळचं जेवण दिलं, आणि खिशात हात घालू दिला नाही. सिस्टर ओरडायच्या, पण उशी सारखी करून मग ओरडायच्या. आजही त्या रस्त्यानं गेलो की हात आपोआप छातीकडे जातो. मग खोटं कुणाशी बोललो? त्यांच्याशीच.

दवाखान्यातल्या एक बाई, गरीब पेशंटची विचारपूस करणाऱ्या, माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, पण इथंच राहायची गरज नाही. तुझ्या गावच्या आरोग्य केंद्रातही ह्याच गोळ्या फुकट मिळतात, तिथली आशाताई घरी येऊन देईल, तू आपला आईजवळ राहा. किती चांगलं बोलत होत्या! आणि मला घाम फुटला. आशाताई म्हणजे आमच्या गल्लीतलीच. ती गोळ्या घेऊन दारात आली की गावाला कळणार, आणि बहिणीची सोयरीक तेव्हा नुकती जुळत होती.

मी म्हणालो, गावी कुणी नाही. बाप गेला. आईपण गेली.

बाप गेला हे खरं होतं, म्हणून दुसरंही खरं वाटलं असेल. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच वेळी आई घरी होती — भाकरी थापत असेल, नाहीतर शेजारणीशी शेळीवरून भांडत असेल.

शेजारच्या खाटेवर भिवंडीतल्याच कामतघरचे एक काका होते, साखरेनं पाय चिघळलेला. त्यांची बायको कमळामावशी सगळं ऐकत होती. बाई उठून गेल्यावर ती म्हणाली, "न्हाय तर न्हाय रं. मी हाय ना."

त्या दिवसापासून काकांच्या डब्यासोबत माझाही डबा यायला लागला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. पलीकडच्या खाटेवरचा पॉवरलूमवाला हसायचा, "बेटा, तेरी तो लॉटरी लग गई." मावशी त्यालाही एक भाकरी द्यायची, तोंड बंद ठेवायला. माझे केस विंचरायची. आणि मी — मी ते करून घ्यायचो. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन सांगायचो, ड्युटीवर आहे, नंतर बोलतो. आईची इतकी आठवण यायची, की तिच्या वाट्याचं सगळं दुसऱ्या बाईकडून घेताना लाज वाटली नाही. असं असतं का कुणाचं?

दवाखान्यातून सोडल्यावर गोळ्या भिवंडीतच चालू झाल्या. बरा झालो. मग भाद्रपदात मावशीनं निरोप धाडला, सर्वपित्रीला जेवायला ये. गेलो. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. तिच्या सासूसासऱ्यांची पानं वाढून झाली होती. शेजारी दोन कोरी पानं मांडलेली. म्हणाली, तुझं इथं कोण करणार, म्हणून मीच करते. बापाचं नाव विचारलं. सांगितलं. मग विचारलं, "नि आयचं?"

गप्प बसता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. समोर फक्त मावशी होती, आणि तिच्याइतकं कोण समजून घेणार होतं?

मी म्हणालो, रुक्मिण.

पानं गच्चीवर ठेवली. मावशीनं हाक घातली, म्हणाली, "ये गं रुक्मिण, पोर बरा झालाय तुजा." कावळा आला. तो आईच्याच पानाला आधी शिवला. मावशीनं डोळे पुसले आणि मला पोटाशी धरलं.

संध्याकाळी आईचा फोन. काय खाल्लं रे आज? मी वडे सांगितले, खीर सांगितली. कुणाकडं? एका मावशीकडं, लई जीव लावते. आईला काय आनंद झाला. म्हणाली, "तिला माहा नमस्कार सांग. अन् नाव सांग माहं, नुसतं आई म्हनू नको."

आता बहिणीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली. कुणी विचारलं तर टीबीचंही सांगेन, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. मग हेच का सांगत नाही? कारण मावशी माझ्याकडं जशी बघते तशी मग बघणार नाही. बहिणीचं नाव मी उगाच पुढं करत आलो. आईविना पोर म्हणून मिळालेली माया मला सोडवत नाही, खरं हे आहे. आणि त्यासाठी दर सर्वपित्रीला माझ्या जिवंत आईचं पान गच्चीवर जातं. यंदाही गेलं. मग मी खाली येऊन पोटभर जेवलो.

आईचे गुडघे आता दुखतात. परवा फोनवर म्हणाली, चालता येतंय तोवर तुझी भिवंडी बघते, त्या मावशीला भेटते, तिच्यासाठी खारवड्या करून ठेवल्यात. दिवाळीत येऊ का?

मी म्हणालो, नको, दिवाळीत मला सुट्टी नाही.

सुट्टी आहे.