अर्थ लागत नाही

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मुदखेडला रेल्वेत होते. सुट्टीवर यायचे तेव्हा पिशवीत नांदेडला छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. शाई ओली असतानाच घडी घातलेली, त्यामुळे एका पानावरची ओळ समोरच्या पानावर उलटी उमटलेली. मी अक्षरं त्यावरच गिरवली. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी लिहिता यायचा, आणि याचा मला फार दिवस अभिमान होता.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी उदगीरला शिकत होतो. साहेब जवळ आला, आता कामं होतील, असं जो तो म्हणायचा. मग पावसानं लागोपाठ पाठ फिरवली. टँकरच्या याद्या जुन्या कचेरीतून नव्या कचेरीत उतरवून घेताना आमची वस्ती गळाली. यादीत गावाचं नाव होतं. गावापासून दूर, ओढ्यापलीकडे असलेल्या आमच्या वस्तीची ओळ निराळी होती, ती कुणी उतरवलीच नाही. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर आमच्या बायकांना तळाचा गाळ मिळायचा.

दुरुस्तीसाठी वस्तीत राहणाऱ्या माणसानं स्वतः लातूरला जाऊन अर्जावर अंगठा द्यायचा होता, सोमवारी दुपारी दोनच्या आत. दोनला यादीवर सही होणार, पुढची यादी महिन्यानं. माझं नाव मुदखेडच्या रेशनकार्डावर, म्हणून वस्तीनं मोठीमायला पाठवायचं ठरवलं. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते वारले होते, आणि वस्तीतलं कुठलंही भांडण तिच्या ओट्यावर येऊन मिटायचं.

ती सकाळच्या पहिल्या यष्टीनं जायचं म्हणत होती. मीच अडवलं. अर्जदार म्हणून नाही, मोर्चा म्हणून जाऊ, असं मी तिला म्हणालो. आमच्या एका प्राध्यापकांची पेट्रोलची जुनी जीप मी मागून आणली होती. टपावर भोंगा बांधला होता आणि त्याची वायर जीपच्याच बॅटरीला जोडली होती. वाटेतल्या गावांना मी आधीच निरोप धाडले होते. मोठीमायनं जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अर्जाचा कागद पदराच्या गाठीत बांधून पुढच्या सीटवर बसली.

पहिल्या गावात लिंबाखाली जीप थांबवली. पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद केलं आणि पत्रक वाचायला घेतलं. मी चांगला बोलत होतो, हे आजही सांगतो. माणसं जमली, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात टँकर आला. माझं वाक्य अर्धंच होतं आणि समोर एकही माणूस उरला नाही. घागरी, डबे, पोरं, सगळं टँकरकडे धावलं. मी तरीही पत्रक संपवलं. रिकाम्या लिंबाला अर्धा तास ऐकवलं.

किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्' झालं.

चार माणसं विनवून आणली, धक्का मारला. जीप खोकली आणि गप्प झाली. बॅटरीत ठिणगीपुरतंही उरलं नव्हतं. अर्धा टँकर तिथं उतरवून उरलेला नळेगावजवळच्या एका वाडीला न्यायचा होता. टँकरवाले चाचा उदगीरचे, मेहंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी भोंग्याकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलंच नाही.

सीटखालून त्यांनी दोन जाड वायरी काढल्या. दोन्ही काळ्या, एकीला लाल दोरा बांधलेला. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच आहेत ना, हे त्यांनी आधी पाहिलं. टँकर जीपला चिकटू न देता शेजारी उभा केला. लाल दोऱ्याची वायर प्लसपासून प्लसला लावली. दुसरीचं एक टोक टँकरच्या मायनसला लावलं आणि उरलेलं टोक माझ्या हातात दिलं. मी ते जीपच्या बॅटरीकडे नेलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथं न्हाई. अर्थ लांब द्यायचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी समजावलं. बॅटरीतून गॅस निघतो, शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, बॅटरीवर उडाली तर तेजाब तोंडावर येतं. त्यांच्या डाव्या कानापासून मानेपर्यंत कातडी गुळगुळीत होती, ती त्यांनी बोटानं दाखवली. म्हणून शेवटचं टोक, म्हणजे अर्थिंग, इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. मी एका पट्टीला चिमटा लावला. किल्ली फिरवली. पुन्हा 'टक्'.

"अर्थ लागत न्हाई," चाचा म्हणाले.

मी पुन्हा किल्ली फिरवणार होतो. त्यांनी थांबवलं, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच हसले.

"रंगावर लावलास, पुढारी. रंगावर अर्थ लागत नसतो. खरवडून लोखंड दिसलं पाहिजे."

स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी हिरवा रंग खरवडला. खाली चकाकतं लोखंड निघालं. तिथं चिमटा बसताच जीप एका झटक्यात सुरू झाली. लावल्या त्याच्या उलट क्रमानं वायरी काढल्या, आधी अर्थ. निघताना त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या: लातूरपर्यंत इंजिन बंद करायचं नाही आणि भोंगा लावायचा नाही. मोठीमाय म्हणाली, ऐकून ठेव.

पुढच्या गावात वेशीवर तीस-चाळीस माणसं उभी होती. माझ्याच निरोपावर उन्हात थांबलेली. एकाच्या हातात फुलांचा हारही होता, कोमेजलेला. मी जीप हळू केली.

"चल म्हणते ना," मोठीमाय म्हणाली.

दोनच मिनिटं, मी म्हणालो. इंजिन चालूच ठेवतो, मग काय होतंय. मी भोंगा लावला. तिसऱ्या वाक्याला आवाज घोगरा झाला, इंजिन थरथरलं आणि मेलं. शांतता इतकी झाली की हार घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा घसा खाकरलेला ऐकू आला.  मी खाली उतरलो आणि पुन्हा वर बसलो. दुसरं काय करावं सुचेना. यष्टी येऊन गेली होती, पुढची बाराला होती. मोठीमाय समोर बघत होती. मला तिनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं.

मागून चाचांचा टँकर आला. डायनामोच बॅटरी भरत नव्हता, वायरीनं सुरू झाली तरी वाटेत पुन्हा मेली असती, आणि त्यांनाही वेळ नव्हता. नळेगावपर्यंत ओढतो, तिथं गाड्या मिळतील, म्हणाले. दोर नव्हता. गावकऱ्यांनी विहिरीवरचा नाडा काढून दिला. पाणी इतकं खाली गेलं होतं की तो तळाला पुरतच नव्हता. चाचांनी तो टँकरच्या हुकापासून जीपच्या चॅसीला बांधला. बंपरला बांधला तर बंपरच हातात येईल, म्हणाले. माझ्या लाल बॅनरची पट्टी फाडून मध्यावर बांधली, मधून कुणी सायकल घालू नये म्हणून. मला सांगितलं: गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, हॉर्न वाजणार नाही म्हणून थांबायचं तर हात बाहेर काढ, आणि उतारावर ब्रेक तूच दाब. नाडा ढिला पडला की झटका बसतो.

टँकरच्या मागच्या नळाला पोत्याचं बूच होतं. ते झिरपत होतं, आणि प्रत्येक झटक्याला पाण्याची चूळ उडून आमच्या काचेवर यायची. धुळीतून लाल ओघळ खाली उतरायचे. वायपर बंद. मी मान बाहेर काढून बघत होतो आणि नाडा मला जमत नव्हता. कधी ढिला, कधी ताठ. मोठीमायनं काचेबाहेर हात काढून टपावरून निथळणारं पाणी ओंजळीत धरलं. ओंजळ भरली नाही. ओला हात तिनं तोंडावरून फिरवला.

"नाडा ताठ ठेव रे," ती म्हणाली. "त्या वाडीचं पाणी सांडून राहिलंय."

मला लातूरची घाई होती आणि तिला त्या वाडीची. नळेगावपर्यंत मी समोर फक्त त्या लाल पट्टीकडे बघितलं.

चाचांनी आम्हाला नळेगावच्या फाट्यावर सोडलं, नाडा परत द्यायला घेतला आणि मागच्या नळाचं पोतं दाबून बसवलं. जीप तिथंच ठेवून आम्ही यष्टीत उभ्यानं गेलो. कचेरीच्या पायऱ्या चढलो तेव्हा दोन वाजून गेले होते. यादी सही होऊन निघाली होती. क्लार्क माणूस वाईट नव्हता. अर्ज पुढच्या यादीसाठी ठेवतो म्हणाला, शाईचा पॅड पुढे सरकवला. मोठीमायनं गाठ सोडली, कागद सरळ केला आणि अंगठा दाबला.

आमच्या वस्तीचा तो महिना कसा गेला, त्यावर मी पत्रक लिहिलेलं नाही. कैकदा लिहायला बसलो. पहिलीच ओळ रंगावर लावल्यासारखी वाटते.

व्हरांड्यातला माठ पालथा होता. निळा अंगठा पुसायला तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं. माझ्याकडे पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता. मी एक दिलं. तिनं ते उलटं केलं, कोऱ्या बाजूला अंगठा नीट पुसला आणि घडी घालून परत माझ्या हातात ठेवलं.

"यष्टी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.