पेटीतला पट्टा

लग्न होऊन मी वरोऱ्याहून कोरपन्याला आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. माझ्या पेटीत साड्यांच्या खाली दोन वस्तू होत्या. धार लावायचा खरखरीत दगड आणि वडिलांचा जुना कातडी पट्टा. वडील दवाखान्यात कंपाउंडर. दाढी स्वतःच करायचे, वस्तरा याच पट्ट्यावर परजून. धार लावायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

नणंदेनं पेटी उघडली आणि पट्टा थेट सासूबाईंसमोर नेऊन धरला. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

"काऊन व, हा कोणासाठी?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुऱ्यांसाठी."

कोणालाच पटलं नाही. नवरा पुढचे आठ दिवस माझ्याशी फार अदबीनं बोलत होता.

सासरी सुऱ्या तीन, तिन्ही बोथट. टमाटर कापला जायचा नाही, दबून जीव सोडायचा. सासरे मात्र, म्हणजे मामाजी, पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "आमच्या घरी आजवर कोणाचं बोट कापलं नाई."

एका रविवारी मला राहवलं नाही. दगड पाण्यात भिजवला, खाली ओलं फडकं घातलं. पातं जरा तिरपं धरून एका बाजूनं घासत गेले, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग पातं पालटून पुन्हा तेच. शेवटी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ताणला आणि पातं त्यावरून ओढलं, पाठ पुढे आणि धार मागे. उलट ओढलं तर पट्टाच कापला जातो.

संध्याकाळी आत्याबाई नेहमीच्या जोरानं कांदा कापायला बसल्या. कांदा संपला आणि बोट सुरू झालं. नणंद त्यांच्या मदतीला गेली, तिचंही तेच. सुरीला खरंच एवढी धार आहे का, हे बघायला नवऱ्यानं अंगठा फिरवून पाहिला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा.

जेवायला बसलो तेव्हा तीन बोटांना तीन चिंध्या.

"सूनबाई, त्या सुऱ्या होत्या तशा करून दे," मामाजी म्हणाले.

"मामाजी, बोथट करायला मला येत नाही."

"बापानं शिकवलं नाई?"

"नाई."

नणंद ताट सोडून अंगणात पळाली. तिचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

मामाजींच्या तोंडात चार दात उरले होते आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नसे. दुसऱ्या दिवशी मी अंगणातला कच्चा पेरू तोडला, कागदासारखा पातळ चिरला आणि मीठ टाकून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक चकती उचलली. बराच वेळ चघळली. मग दुसरी. बशी रिकामी झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुळाबी असाच होते का?"

सुऱ्या बोथट करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

बोट बरं झाल्यावर आत्याबाई स्वतःच दगडाजवळ येऊन बसल्या. "मले दाखव." हात जड होता, पहिल्याच दिवशी पट्टा दोनदा कापला. पण मामाजींशी भांडण झालं की त्यांचा हात झकास चालायचा, आणि भांडणं रोजचीच होती. महिन्याभरात शेजारणी आपापल्या विळ्या घेऊन आमच्या ओसरीवर येऊ लागल्या.

"ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे," आत्याबाई त्यांना सांगत. "सुनेलेबी मीच शिकवून राह्यली."

मी तिथंच डाळ निवडत बसलेली असायची. शेजारणींनी माझ्याकडे पाहिलं की मी मान डोलवायची.