आबाचा डब्बा

टिंकू माझा नातू, अडीच वर्साचा. पन त्याच्या शीनं मले पार रडकुंडीले आनलं. सोमवारपासून माझी सून खुशबू गोंदियाच्या दवाखान्यात नर्स मनून रुजू होनार होती. टिंकूले फुलचूरच्या पाळनाघरात ठेवाचं ठरलं. तिथली बाई मने, "संडासात बसत असंन तरच आना." हातात राहिले चार दिवस. पोरगा शिकला नाई तर खुशबूची नोकरी बोंबलली.

मी काय नाई केलं! मुरमुरे देल्ले, टाळ्या वाजवल्या, शेवटी एक धपाटाबी घातला. पोट्टा दारातच ताठ उभा. "आबाचा डब्बा पायजे. मी बांधीत जातो."

आबा मंजे आमचा बुढा, यादोराव. रोज सकाळी पान्याचा डब्बा घेऊन धानाच्या बांधीकडे निघते, अन् हा पोट्टा मागं मागं. घरात संडास असून! तोबी बांधला कवा? सून येनार तवा. त्याच्या आंधी तीस वर्सं मी मांगत होती, तर मने, "कायले पायजे? एवढं रान पडलं आहे."

शुक्रवारी माझं डोस्कंच फिरलं. डब्बा लपवला अन् बुढ्याले मनलं, "तुमी आत बसा, तवाच हा बसंन. नाईतर सुनेले तुमीच सांगा, नोकरी सोड मनून."

बुढा कुरकुरला, "बंद खोलीत मले होत नाई वं." पन गेला. टिंकू दाराले कान लावून उभा. पान्याचा आवाज आला तसा पोट्टा नाचाले लागला, "आबानं केली! आबानं केली!" अन् जोरजोरानं टाळ्या. मंग सोताच आत घुसला अन् बसला.

बुढा बाहेर येऊन मने, "सोपंच आहे वं."

सोपं! माझ्या अंगाची आग झाली. "आपला पोरगा विवेक पोटात होता, सातवा लागला होता मले. अंधारात, चिखलात, डब्बा घेऊन गेली अन् बांधीच्या धुऱ्यावरून पडली. तवा नोतं का सोपं?"

तो खाली पाहत राहिला.

सोमवारी खुशबूले ड्युटीवर जाची घाई. मी उठून पाह्यते तर संडासाची कडी आतून लागलेली. आत बुढा. बाहेर टिंकू दार वाजवून राहिला, "आबा, माझा नंबर!" त्याच्या मागं खुशबू.

अन् सगळ्याच्या मागं, पोट दाबून, मी.