मामांची समोरची खुर्ची

"बेटा, मामा गया…" मामी फोनवर एवढंच म्हणाली. मामी मूळची गुजराती. लग्नानंतर ती मराठीत भांडायलासुद्धा शिकली, पण हे दुःख तिला स्वतःच्या भाषेतच सांगता आलं. त्याला आता काही आठवडे झाले. रविवारची सकाळ झाली की अजूनही माझे पाय मामांच्या गोत्रीतल्या घराकडे वळतात.

मामांनी हयातभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. घरी रविवारी सेव-उसळ असायची आणि तिच्याहून तिखट वाद असायचा. दिवाणखान्यात समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. वेताची मामांची आणि लाकडी येणाऱ्याची. वाद रंगात आला की मामा उठून जागा बदलायला लावत. मग समोरच्याची बाजू आपण मांडायची, तीही अशी की त्याला मान डोलवावीच लागेल. कुणी थातूरमातूर बोललं, तर मामा म्हणत, "हे तर स्वस्तात उरकलंस." यातून जावईही सुटले नाहीत. एकाला तर स्वतःच्या सासूची बाजू मांडावी लागली होती, आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या.

सरकारी नोकऱ्या कमी कराव्यात, हे मामांचं जुनं मत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, सरकार झालं म्हणून काय झालं, असं ते म्हणत. मी सरकारी प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासणारी. माझ्याच पोटावर पाय आणताय, असं मी चिडून म्हणायची, आणि ते शांतपणे मला उसळ वाढायचे. तोवर तो नुसता वाद होता. मग मंदी आली. नंदेसरीच्या ज्या कारखान्यात माझे यजमान होते, तिथली एक पाळी बंद झाली आणि ते घरी बसले. त्याच सुमारास आमची प्रयोगशाळाही बंद करायच्या हालचाली सुरू झाल्या. घरात दोन मुलं, आणि पगार माझा एकटीचा.

अलकापुरीतल्या एका सभागृहात या नोकरकपातीवर जाहीर वाद ठेवला होता. कपातीच्या बाजूनं मामा, विरोधात कर्मचारी संघटनेचा एक तरुण. मी मागच्या रांगेत धुमसत बसले होते. मामा बोलले आणि सभागृह त्यांच्या मुठीत गेलं. टाळ्या थांबल्यावर ते त्या तरुणाजवळ गेले. "चाल भाई, जागा बदलू," म्हणाले. तो बावरून मामांच्या खुर्चीत जाऊन बसला.

"तंगीत आपण हात आखडतो, ते बरोबरच," मामा त्याच्या खुर्चीतून म्हणाले. "पण सगळ्या घरांनी एकदम हात आखडला की बाजार बसतो. तेव्हा हात सैल ठेवू शकेल असं एकच घर उरतं, सरकारचं. माणसं कमी करायची तर भरभराटीत करा, तेव्हा त्यांना दुसरं दार उघडं असतं. बुडत्याच्या हातची काडी काढून घेऊ नका…"

मग समारोपासाठी आपापल्या जागी परतायचं होतं. सूत्रसंचालकानं हात केला. मामा आपल्या खुर्चीकडे बघत राहिले… "नको," ते म्हणाले, "आता इथंच बसतो." ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं उलटं शिकवलं, ते विद्यार्थी पहिल्या रांगेत बसले होते. एवढं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि हे माझे मामा होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, माझ्यासाठी केलंत ना? मामा म्हणाले, "तुझ्यासाठी केलं असतं, तर स्वस्तात उरकलं असतं."

प्रयोगशाळा बंद झालीच. आता मी शिकवण्या घेते. मामांनी त्याबद्दल मला कधी धीराचे शब्द ऐकवले नाहीत. फक्त रविवारी माझ्या ताटात उसळ जरा जास्त पडायची.

परवाच्या रविवारी मामीनं उसळ केली आणि ती स्वतः लाकडी खुर्चीत बसली. मी वेताच्या. उसळ वाढून झाली, तशी मी मामांची जुनी बाजू मांडायला लागले, ज्यात माझी नोकरी जाते ती. मन लावून मांडली, काही हातचं राखलं नाही. मामीनं डोळे पुसले आणि मान डोलावली.

"हवे चाल," ती हळूच म्हणाली, "आता जागा बदल."

पण मला त्या खुर्चीतून उठवेना.