गादीवाल्याच्या झोपेची फेरतपासणी

गादीवाल्याने पस्तीस वर्षं अख्ख्या गावाला झोपवलं. स्वतःच्या झोपेचं मात्र खोबरं. कापूस पिंजून पिंजून फुफ्फुसं कामातून गेलेली, आणि हल्ली तर तो दाभण हातात धरूनच पेंगायचा. एकदा गिऱ्हाइकाची बाही गादीला शिवून टाकली!

मुलाने जाहीर केलं, "बाबा, तुमचा दमा वाढलाय. पुढच्या महिनाअखेर दुकान बंद."

"दमा नाही रे मेल्या!" मावशी कडाडली. मावशी म्हणजे गादीवाल्याची बायको, अख्ख्या गावाची मावशी. कापूस त्याचा, खोळी तिच्या. "हे झोपेत श्वास घ्यायचेच थांबतात. मी कोपर मारते तेव्हा कुठे गाडी सुरू होते."

छातीच्या डॉक्टरांनाही तिने हेच सुनावलं. फुफ्फुसांच्या जुन्या आजारात थकवा येतोच, असं ते म्हणाले खरे, पण मावशी खुर्चीवरून हलेना. शेवटी त्यांनी घरी झोपेची तपासणी लिहून दिली. नाकात नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा.

अहवाल आला: फारसं काही नाही.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला.

मावशी विचारात पडली. त्या रात्री कोपर मारावंच लागलं नव्हतं. मग तिची ट्यूब पेटली. "अहो, त्या दिवशी अंथरूण कसलं घातलं होतंत?"

"अगं, गादीवाल्याच्या घरी यंत्र येणार, आणि ते काय चपट्या गादीवर ठेवायचं?" तो अभिमानाने म्हणाला. "नवी गादी, वर पाच लोड!"

म्हणजे स्वारी रात्रभर जवळजवळ बसून झोपली होती. एरवी चपट्या गादीवर उताणी, आणि श्वास अडायचा तो तिथेच.

मावशी तडक दवाखान्यात. "डॉक्टर, तुम्ही लोड तपासलेत. आता नवरा तपासा."

डॉक्टर हसले आणि लगेच गंभीर झाले. तपासणी पुन्हा झाली, रोजच्या गादीवर. तासाला बत्तीस वेळा श्वास अडलेला, प्राणवायू घसरलेला. "आजार दोन आहेत," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यामागे दुसरा लपला होता. चूक माझी."

रात्री नळीतून दाबाने हवा सोडणारा मास्क सुरू झाला. फुफ्फुसं होती तशीच राहिली, पण तीन आठवड्यांत पेंगणं गेलं. महिनाअखेरीस मुलगा कुलूप घेऊन आला, तेव्हा गादीवाला तोंडाला फडकं बांधून टाके घालत होता.

"बाबा, आता तरी आराम..."

"रोज रात्री सोंडवाला हत्ती होतो मी. ते काय दिवसा घरी बसायला?"

"आई, तू तरी सांग ना!"

"सांगते की," मावशी म्हणाली. "कुलूप ठेव खाली आणि या खोळीचं तोंड धर."