विजू नाही म्हणाली होती

बातमी आली तेव्हा मी न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या दुकानात कढीपत्ता निवडत होते. फ्लोरिडाहून अरविंदरावांचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोन. ते भरदुपारी कधी फोन करत नाहीत. "ताई, विजू गेली," म्हणाले. सकाळी छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी हातातला कढीपत्ता परत टोपलीत ठेवला, ट्रॉली जिथली तिथे नेऊन लावली, आणि मग गाडीत बसून रडले.

त्याला आता काही आठवडे झाले. रडू बरंचसं ओसरलंय. राग मात्र वाढत चाललाय, आणि तो कशाचा आहे ते नीट लिहून काढल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, चार लोक वाचतील, वाचोत. पण ईशान आणि तारा, माझ्या नातवंडांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. एक जण फ्रीमाँटला, एक ॲन आर्बरला. तुम्हाला विजूआजीच्या शोकसभेला येता आलं नाही, तुम्ही ती स्क्रीनवर पाहिलीत. तिथे जे बोललं गेलं तेच तुम्ही ऐकलंत. तिच्या शेवटच्या कंपनीतला एक मोठा अधिकारी पडद्यावर प्रकटला आणि फार सुंदर इंग्रजीत म्हणाला की ती कधीच कुणाला नाही म्हणाली नाही. मग तिचा मुलगा निखिल तेच म्हणाला. मग अरविंदरावसुद्धा. दारात जे फोटोचं कार्ड वाटत होते त्यावरही तेच वाक्य होतं. ताराने कार्डाचा फोटो पाहून मला मेसेज केला, आजी, किती गोड लिहिलंय ना. मी त्याला उत्तर दिलं नाही. हे उत्तर. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, आई फोनवर वाचून दाखवेल.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आयुष्यभर इंग्रजी पुस्तकांच्या सोबतीत लायब्ररीत नोकरी केली, त्या भाषेवर माझं प्रेम आहे. म्हणूनच तिच्यात असं गुळगुळीत खोटं कुणी बोललं की मला ते जास्त लागतं.

विजू माझ्याहून सात वर्षांनी लहान. लग्न होऊन न्यू जर्सीला आली तेव्हा आमच्याच घरी राहिली, इथेच शिकली आणि एका विमान कंपनीत लागली. तिचं काम काय, हे आपल्या लोकांना कधी नीट कळलं नाही. कुणी विचारलं तर "टाइमटेबल बनवते" असं आपणच सांगायचो, जरा हसून. कुठलं विमान कुठून कुठे जाईल, रात्री कुठे उभं राहील, कधी दुरुस्तीला जाईल, आणि एक बिघडलं तर त्याच्या जागी कुठलं धावून येईल, ते ती ठरवायची. तिच्या कागदावर नेहमी काही जागा कोऱ्या असत. त्या कोऱ्या जागांमध्येच तिचं सगळं शहाणपण होतं, पण ते कळायला मला एका दिवाळीची अंघोळ लागली.

त्या वर्षी सगळे आमच्या एडिसनच्या घरी जमले होते. बाथरूम दोन, गरम पाण्याची टाकी एक, आणि नरकचतुर्दशीला सगळ्यांना पहाटेच तेल-उटणं लावून अंघोळ हवी. विजूने आदल्या दिवशी फ्रिजवर कागद चिकटवला. कोण कितव्या नंबरला, आणि दर दोन-तीन जणांनंतर एक कोरी ओळ. तुमचे आजोबा तेल लावून कुडकुडत उभे होते. त्यांनी कागद पाहिला, "ही जागा तर रिकामीच आहे की," म्हणाले आणि पेनने स्वतःचं नाव लिहून आत गेले. ते पाहून दुसऱ्या कोऱ्या ओळीत निखिल घुसला. तिसरीत आणखी कुणी. शेवटचा नंबर माझ्या सासूबाईंचा, कारण त्यांना सावकाश अंघोळ लागायची. अंगभर उटणं लावून त्यांनी तांब्या डोक्यावर ओतला आणि आतून आवाज आला, "अगं, नळाला बर्फ जोडलाय का मेल्यांनी?" घरभर हसू. विजू मात्र हसली नाही. दुसऱ्या शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवता ठेवता तुमच्या आजोबांना म्हणाली, "भाऊजी, ती जागा रिकामी नव्हती. तिथे टाकी अंघोळ करत होती."

पुढे रॉकेट कंपनीने तिला बोलावलं ते याच विद्येसाठी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पूर्वी रॉकेट एकदा उडालं की संपलं, समुद्रात पडलं. आता त्याचा खालचा मोठा भाग, ज्याला बूस्टर म्हणतात, तो परत येतो. काही समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावर उतरतात, काही थेट किनाऱ्यावर. मग त्यांना तपासायचं, झालेली झीज भरून काढायची आणि पुन्हा पाठवायचं. म्हणजे रॉकेटंही आता विमानांसारखी झाली. त्यांचा ताफा असतो, त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि बाहेर उपग्रह घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांची रांग कधी संपत नाही. साठीला टेकलेली माझी बहीण घर उचलून फ्लोरिडाला गेली आणि कुठला बूस्टर कधी उडेल आणि कुठला बसून राहील हे ठरवायला लागली. रविवारी फोनवर ती त्यांच्याबद्दल घरातल्या पोरांसारखं बोलायची. एकाला लाटांमुळे जहाजावरून बंदरात यायला उशीर झाला, दुसऱ्याचं इंजिन बदलायचंय. "पोरगं आत्ता दारात आलंय, चपला तरी काढू दे की नाही? यांना लगेच परत पाठवायचंय," असं ती म्हणायची, आणि मग स्वतःच हसायची. एक बूस्टर ती कायम कुणाच्याही नावावर न टाकता ठेवायची. उडण्याजोगा, तपासलेला, पण मोकळा. कुणाचंही काही अडलं की तो कामाला यायचा, आणि अडलेल्याला पुरता वेळ मिळायचा. तिच्या हाताखाली उड्डाणं वाढतच गेली, हेही लिहून ठेवते. ती काही अडवून बसणारी बाई नव्हती.

मग वर नवा साहेब आला. तरुण, हुशार, घाईत. त्याने उड्डाणांचा तक्ता पाहिला आणि मोकळ्या बूस्टरकडे बोट दाखवून विचारलं, हा उभा का आहे? उभा आहे तर उडवा. विजूने समजावलं. एकदा नाही, अनेकदा, आकृत्या काढून. तो म्हणाला, सध्या यावरही गिऱ्हाइकांची नावं टाकून ठेवू, अडचण आली तर बदलू. तिथे प्रत्येक आराखड्याखाली बनवणाऱ्याचं नाव जातं. त्या दिवशी भरल्या मीटिंगमध्ये विजू नाही म्हणाली. आवाज न चढवता. असा आराखडा माझ्या नावाने जाणार नाही, तुम्हाला पाठवायचा तर तुमच्या नावाने पाठवा. संध्याकाळी मला फोन केला तेव्हा ती दमलेली होती. मी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने म्हटलं की अगं, साहेब काही त्या तपासणाऱ्या लोकांना घाई करा असं सांगणार नाही. त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "ताई, घाई करा असं कुणीच कधी म्हणत नाही. ते कागद म्हणतो. आणि नंतर कागदाला कुणी जाब विचारत नाही."

त्यानंतर तिला बाजूला केलं. भांडण नाही, पत्र नाही, काही नाही. नव्या लोकांना शिकवण्यासाठी माहितीपुस्तिका लिहायचं काम दिलं आणि तिची खुर्ची दुसऱ्या मजल्यावर नेली. तक्त्यात आता कोरी जागा उरली नाही. काही महिने तिने पुस्तिका लिहिल्या, नीटच लिहिल्या असणार, आणि मग राजीनामा दिला. निरोपाला त्यांनी केक आणला. फोनवर तिने सांगितलं, "वर क्रीमचं रॉकेट काढलं होतं गं, छान होतं. आणि खाली लिहिलं होतं, नातवंडांसोबत मजा करा. आता नातवंडं कुठून आणू? निखिलचं अजून लग्नसुद्धा नाही." आम्ही दोघी हसलो... आता मला त्या हसण्याचाही राग येतो. नातवंडं नसलेल्या बाईला नातवंडांसाठी घरी पाठवलं, आणि तीच थाप शोकसभेत पुन्हा मारली. तिने कुटुंबासाठी निवृत्ती घेतली म्हणे! समोर बसलेल्या आपल्या लोकांनी माना डोलावल्या. मंडळातल्या एक बाई पुढे येऊन विजूच्या गणपतीतल्या मोदकांबद्दल बोलल्या. मोदक चांगलेच करायची ती. पण म्हणून एवढंच?

जेवणाच्या रांगेत मी एका ओळखीच्या निवृत्त इंजिनिअरना खरं काय ते सांगितलं. ते वरणभात वाढून घेता घेता म्हणाले, पण तुमच्या बहिणीनंतर काही झालं तर नाही ना? सगळी उड्डाणं व्यवस्थित चाललीत. म्हणजे काय? काही बिघडलं असतं तर विजू बरोबर, आणि बिघडलं नाही म्हणून ती चूक? मी रोज देवाला सांगते, काही बिघडू देऊ नको, तिथे कुणाकुणाची मुलं काम करतात. पण बिघडलं नाही म्हणून तिचं नाही म्हणणं पुसून टाकायचा अधिकार कुणाला कुणी दिला? ज्या एका दिवशी माझी बहीण सगळ्यात जास्त स्वतःसारखी वागली, नेमका तोच दिवस कार्डावरून खोडला. तारा, आईने पाठवलेलं ते कार्ड तू तुझ्या खोलीत लावलंयस असं ती म्हणाली. फोटो असू दे. खालचं वाक्य काप.

गेल्या आठवड्यात मी फ्लोरिडाला गेले. विजूचे कपडे आवरायला, असं सांगून. खरं तर अरविंदरावांना विचारायला. दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना विचारलं, की तुम्हाला सगळं माहीत होतं, मग तुम्हीही तेच का बोललात? ते म्हणाले, लोकांना वाटेल तिला काढून टाकलं. मी म्हटलं, काढलं नाही, तिने सोडलं, आणि का सोडलं हे सांगायला लाज कसली? त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मीच म्हटलं होतं, नाव घालून टाक, तुझं काय जातंय. ती चिडली नाही. 'चहा टाकता का जरा,' म्हणाली." मग म्हणाले, "ती कुणाला नाही म्हणाली नाही असं एकदा ठरलं की मलाही नाही म्हणाली नाही, असं होतं ना..."

राग गेला नाही, पण तो ठेवायला जागा बदलावी लागली.

त्याच दुपारी एक उड्डाण होतं. आम्ही मागच्या अंगणात आलो. नदीपलीकडे रॉकेटचं तेजस्वी टोक वर चढलं आणि मागून जमीन हलवणारा आवाज आला. कुंपणापलीकडे शेजारची कॅरल पाइपने झाडांना पाणी घालत होती. प्रत्येक उड्डाणाला ती मायेने एकच प्रश्न विचारते, आणि अरविंदराव हात हलवून हो म्हणतात, हे मी आदल्या दिवशीच्या उड्डाणाला स्वतः पाहिलं होतं. आजही तिने विचारलं, हे विजूच्याच रॉकेटांपैकी ना एक?

"नाही," अरविंदराव म्हणाले. इंग्रजीत, पण मोठ्याने. "हे तिचं नाही. याला ती नाही म्हणाली होती."

कॅरलच्या पाइपचं पाणी तिच्याच बुटांवर पडत होतं. मला वाटलं, हेच एक वाक्य या माणसाला भरल्या सभेत बोलता आलं असतं.

ते आत गेले, मी मागोमाग गेले. विजूच्या खोलीत अजून काही हलवलेलं नाही. वर जाणारं रॉकेट पाहायला ती कधी बाहेर येत नसे, असं त्यांनी सांगितलं. ती इथे खिडकीशी उभी राहायची, काचेवर तळहात टेकून, बूस्टर परत येईपर्यंत. आता ते तसेच उभे राहिले. काही मिनिटं गेली. मग आकाशातून धाडधाड असे दोन आवाज झाले आणि काच त्यांच्या हाताखाली थरथरली.

"आला का?" मी विचारलं.

"आला," ते म्हणाले. "आता त्याला जरा बसू द्यायला हवं होतं."