झुंबरबाईनं बसवलेली शीर

राहात्यात झुंबरबाई कासारणीनं जिचा हात धरला नाही अशी सवाष्ण शोधून सापडली नसती. मनगट नुसतं चाचपून ती बांगडीचं माप सांगायची आणि ते कधी चुकायचं नाही. बांगड्या भरता भरता बायकांच्या चढलेल्या शिराही चोळून बसवायची. या हातगुणाचा तिला गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो तिला शोभायचाही.

पाटबंधारे खात्यातले कारकून विष्णुपंत यांच्या पत्नीची, दमयंतीवहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली ते त्र्याहत्तर साल. वहिनींचा पुण्याचा भाऊ आपलं एक द्यायला तयार होता, पण त्याच्या तपासण्या व्हायच्या होत्या. तोवर मुंबईच्या इस्पितळात यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला हवं होतं. त्यासाठी डॉक्टरांनी वहिनींच्या डाव्या मनगटातली शीर धमनीला जोडली आणि ती फुगून जाड व्हायला सहा आठवडे घरी पाठवलं. या हाताला घट्ट काही नको, बांगडीसुद्धा नको, असं विष्णुपंतांना बजावलं. जोडाच्या जागी बोट ठेवलं की घरघर जाणवते. ती जाणवते तोवर शीर चालू. विष्णुपंत रोज सकाळी दोन बोटं ठेवून बघत. पण बायको घाबरेल म्हणून या शहाण्या माणसानं तिला एवढंच सांगितलं होतं, की जखम भरेपर्यंत बांगड्या नकोत.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं तेव्हा जखम भरली होती. नवरा धडधाकट असताना ओका हात घेऊन बायकांत बसायचं वहिनींच्या जिवावर आलं. विष्णुपंत कामानिमित्त दोन दिवस राहुरीला गेले होते. वहिनींनी झुंबरबाईला बोलावून घेतलं.

डावं मनगट हातात घेताच झुंबरबाई चमकली. "अगं बया! वैनी, ह्यात काय घुरघुरतंय? शीर चढलीया तुमची."

"तीच ना. उशीवर हात ठेवला की कानाशी वाजत राहते. झोप म्हणून नाही."

"मंग मी कशाला हाय? बसवते की!"

तिनं तेल घेतलं. अंगठ्यानं आधी हळू चोळलं, मग सगळा जोर लावून दाबून धरलं. बऱ्याच वेळानं घरघर थांबली. मग पंजा चेपून तिनं डझनभर हिरव्या बांगड्या गच्च भरल्या. हात हलका झाला म्हणून वहिनींनी तिला पोटभर खाऊ घातलं. नवरा यायच्या आत त्यांनी साबण लावून बांगड्या उतरवल्याही.

विष्णुपंतांनी येऊन मनगटावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लगेच मुंबई गाठायची ठरलं. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून झुंबरबाईही निघाली. तिला तोवर काही कळलेलंच नव्हतं.

डॉक्टरांनी परदेशातून एक नवं यंत्र आणलं होतं. लहानशी पेटी आणि तारेला लावलेली पेनासारखी कांडी. माणसाच्या कानाला न कळणाऱ्या आवाजानं ते वाहतं रक्त हुडकायचं, आणि रक्त सापडलं की पेटी बोलायची. उजव्या मनगटावर कांडी टेकली तशी पेटी सूंसूं करू लागली. डाव्या मनगटातल्या त्या शिरेवर डॉक्टरांनी ती खाली टेकली, वर सरकवली, थेट कोपरापर्यंत नेली. पेटी गप्प. एवढी घुरघुरणारी शीर, आणि आता तिच्यात काही नव्हतं.

"आत रक्त गोठलंय," डॉक्टर चिडून म्हणाले. "कुणी दाबला होता का हा हात?"

झुंबरबाईला आपण दाबून धरलेला अंगठा आठवला. तिनं तोंड उघडलं, पण वहिनीच आधी बोलल्या. "झोपेत अंगाखाली आला हो."

भित्री नव्हती झुंबरबाई, पण त्या दिवशी तिची जीभ उचललीच नाही.

उजव्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून बाद झाल्या होत्या. तिथं केलेला जोडही टिकला नाही. भावाच्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत वहिनींना वेळ मिळाला नाही. ज्येष्ठात त्या गेल्या.

सवाष्ण गेलेली म्हणून हिरवा चुडा भरायला झुंबरबाईला निरोप आला. उजवा हात तिनं कसाबसा भरला. डाव्या हातासाठी मात्र तिनं दोन मापं मोठ्या बांगड्या काढल्या, हात दाबावा लागू नये म्हणून.

शेजारी बसलेले विष्णुपंत ते बघत होते. "मापाच्याच भरा, झुंबरबाई," ते म्हणाले. "तिनं मला सगळं सांगितलं होतं. आता दाबला तरी चालेल."